चार टीबीची डिस्क आणि दोन टीबीचं उत्तर

आपल्या कॉलेजमध्ये कॉम्प्युटरविषयी काहीही विचारा, एक उत्तर ठरलेलं असतं: "मशीन जुनं झालंय." प्रिंट येत नाही? मशीन जुनं. कंपायलर इन्स्टॉल होत नाही? मशीन जुनं. नवी हार्ड डिस्क लावली आणि पूर्ण दिसत नाही? मग तर विचारूच नका! मला या उत्तराचा जाम राग येतो, आणि तो का येतो हे सांगायला मी संपादकांकडून ही पानं मागून घेतली आहेत. (मराठी विभागात कॉन्व्हेंटवाली कशाला, हे आमच्या फ्लोअरवर विचारून झालेलं आहे. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, मतं माझी.)

माझं म्हणणं एवढंच आहे की "जुनं" हे कारण होऊ शकत नाही. माणसाचं वय झालं की त्याला ऐकू कमी येतं, तसं कॉम्प्युटरचं होत नाही. दोन टीबीपर्यंत मोजता येणारं मशीन पहिल्या दिवसापासून दोन टीबीपर्यंतच मोजत होतं. कोणीतरी, कुठल्यातरी साली, कुठल्यातरी आकड्यासाठी किती बिट्स ठेवायचे ते ठरवलं होतं. तो आकडा कोणता आणि तो नेमका कुठे बसलाय, हे शोधता येतं. आपण तर इंजिनिअर व्हायला आलोय ना!

आता प्रकरण काय ते सांगते. मुलींच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये एक कोअर टू ड्युओ मशीन आहे. चार जीबी रॅम, १६० जीबीची जुनी डिस्क, विंडोज ७. मागच्या पास-आउट बॅचने जाताना वर्गणी काढून हॉस्टेलला चार टीबीची डिस्क दिली. हेतू चांगला होता: लेक्चरचे व्हिडिओ, जुने पेपर्स, सीनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं एका जागी ठेवायचं, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात हॉस्टेलचं नेट झोपलं तरी अभ्यास झोपणार नाही. (माझ्या आजीला फोनवर "हॉस्टेलला चार टीबी मिळाले" सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "अगं, डॉक्टरला दाखवलं का?") डिस्क लावली. विंडोजमध्ये दिसले २०४८ जीबी. उरलेले १६७८ जीबी शेजारी एका वेगळ्या डब्यात, वर काळी पट्टी, आणि त्यावर राइट क्लिक केलं तर एकही उपयोगाचा पर्याय चालू नाही. मेंटेनन्सवाल्यांनी बघितलं आणि निकाल दिला, "मशीन जुनं आहे मॅडम, एवढी मोठी डिस्क घेणार नाही." झालं! मशीन राइट-ऑफच्या यादीत गेलं आणि डिस्क रेक्टर मॅडमच्या कपाटात. नवं मशीन बजेट आल्यावर.

बजेट कधी येतं हे मेसच्या पंख्यांना विचारा.

२०४८ जीबी हाच आकडा का? इथेच खरा फंडा आहे. डिस्कवरची जागा ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये मोजायची, ही पद्धत जुनी. प्रत्येक सेक्टरला नंबर. १९८३ साली आयबीएमने पीसी एक्सटी आणला, त्यात १० एमबीची डिस्क होती. सोबत आलेल्या डॉस २.० पासून डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता ठेवायची पद्धत पडली. त्यालाच आपण एमबीआर म्हणतो. या तक्त्यात प्रत्येक पार्टिशनसाठी "कुठून सुरू" आणि "किती लांब" असे दोन आकडे असतात आणि प्रत्येकाला चार बाइट्स, म्हणजे ३२ बिट्स. ३२ बिट्समध्ये ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. त्याला ५१२ ने गुणा, आले २.२ टीबी, विंडोजच्या हिशेबात बरोब्बर २०४८ जीबी. आमच्या डिस्कवर ७८१ कोटींच्या वर सेक्टर आहेत. ४२९ कोटींच्या पुढे लिहायला तक्त्यात घरंच नाहीत.

म्हणजे बघा, दोष प्रोसेसरचा नाही, मदरबोर्डचा नाही, डिस्कचाही नाही. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला चार बाइट्सचा कप्पा अपुरा पडला. आणि १० एमबीच्या जमान्यात ज्यांनी त्याच्या दोन लाख पट जागा मोजता येईल असा कप्पा ठेवला, त्यांना तरी नावं कशी ठेवायची? आमच्या बाबांच्या आठवणीत मुंबईचे फोन नंबर सात आकडी होते, २००२ साली पुढे २ लावून आठ आकडी झाले. तेव्हा कोणी "मुंबई जुनी झाली" म्हणून शहर भंगारात काढलं नाही. एक आकडा वाढवला.

अशा भिंती डिस्कच्या इतिहासात ओळीने आहेत आणि प्रत्येकीची गोष्ट सॉलिड आहे. मला सगळ्यात आवडते ती ५२८ एमबीची. बायोसच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरला १०२४, हेडला २५६ आणि सेक्टरला ६३ अशी मर्यादा. त्यातून ८.४ जीबी मोजता आले असते. डिस्कच्या बाजूच्या एटीए पद्धतीत सिलिंडर ६५,५३६, हेड १६, सेक्टर २५५. त्यातून जवळजवळ १३७ जीबी. दोघंही आपापल्या जागी श्रीमंत! पण दोघांना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येक रकान्यात जो लहान आकडा तोच चालणार: १०२४, १६, ६३. गुणाकार करून ५१२ ने गुणा, ५२८ एमबी. दोन कमिट्यांनी एकमेकींना न विचारता फॉर्म छापले की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या वाचनात नाही. (आपल्या परीक्षा विभागाचा आणि लायब्ररीचा "नो ड्यूज" फॉर्म आठवा.) पुढे बायोसने आकड्यांचं भाषांतर करायची युक्ती काढली आणि गाडी ८.४ जीबीपर्यंत गेली. मग सिलिंडर-हेडचा नाद सोडून सेक्टरला सरळ एकच नंबर द्यायची पद्धत, एलबीए, सर्रास झाली. १९९९ च्या आसपास काही बायोस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की बूट होताना चक्क थिजून बसायचे. त्यावर डिस्कवाल्यांनी एक जंपर दिला, तो लावला की डिस्क स्वतःच खोटं सांगते, "मी ३२ जीबीचीच." आजही एखाद्या जुन्या डिस्कवर तो जंपर तसाच राहिलेला असू शकतो, आणि लोक दिवसभर सॉफ्टवेअर शोधत बसतात.

त्यानंतरची १३७ जीबीची भिंत मात्र गमतीची नाही. तिथे एलबीए २८ बिट्सचा होता, २६,८४,३५,४५६ सेक्टर, गुणिले ५१२. मग ४८ बिट्सचा एलबीए आला. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिला तो येत नव्हता, २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून येऊ लागला. अडचण अशी की काही मशीनवर मर्यादेच्या पुढचा सेक्टर मागितला की वरचे बिट्स गळून पडायचे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो ना, तसंच. १३७ जीबीच्या पुढे लिहिलेली फाइल डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसायची, जिथे तुमचं विंडोज आणि तुमचा फाइलचा तक्ता असतो. म्हणून "दिसते ना पूर्ण? मग झालं!" असं म्हणणारा मेंटेनन्सवाला मला "दिसणार नाही" म्हणणाऱ्यापेक्षाही जास्त धोकादायक वाटतो. पूर्ण कपॅसिटी दिसणं आणि पूर्ण कपॅसिटीवर नीट लिहिलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमच्या चार टीबीकडे येते. उपायाचं नाव जीपीटी. हा पार्टिशनचा नवा तक्ता, त्यात सेक्टरच्या नंबरला ६४ बिट्स. एमबीआरच्या जागी जीपीटी केलं की २.२ टीबीची भिंत पडते. "पण जुन्या बायोसला जीपीटी कळत नाही" हे मला तीन जणांनी तीन वेळा ऐकवलं. अर्धं खरं आहे. विंडोजला जीपीटी डिस्कवरून बूट व्हायचं असेल तर यूईएफआय लागतं, जुना बायोस चालत नाही. पण आम्हाला त्या डिस्कवरून बूट कुठे व्हायचंय? बूटसाठी १६० जीबीची जुनी डिस्क आहेच की! एकदा ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली की ती बायोसला विचारत बसत नाही, डिस्कला थेट विचारते की बाई, तू केवढी. विंडोज ७ ला डेटा डिस्क म्हणून जीपीटी व्यवस्थित चालते. ३२ बिट एक्सपीला मात्र ती वाचताच येत नाही, तिथे हट्ट करू नये. लिनक्सची तर आणखी सोय: एक एमबीचं छोटंसं बायोस-बूट पार्टिशन ठेवलं तर ग्रब जुन्या बायोसवर जीपीटी डिस्कवरूनसुद्धा बूट करतो.

रेक्टर मॅडमची परवानगी घेऊन आम्ही तिघींनी कपाटातली डिस्क बाहेर काढली. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, म्हणून जुन्या डिस्कवर डेबियन टाकलं. मोठ्या डिस्कवर जीडिस्कने नवा तक्ता, एक पार्टिशन, वर एक्स्ट४. सगळं मिळून चहा थंड व्हायच्या आत. (तक्ता असा बदलताना डिस्कवरचं सगळं जातं. तुमच्या डिस्कवर काही असेल तर आधी कॉपी, मग हौस.)

डीएफ कमांड मारली तर ३.६ टीबी! लगेच मागून आवाज, "अगं, चार होती ना? दुकानदाराने फसवलं!" नाही हो. डिस्कवाले हजाराने मोजतात, बहुतेक सॉफ्टवेअर १०२४ ने. म्हणून ५०० ची डिस्क ४६५ दिसते, एक टीबीची ९३१, आणि आमची ३७२६ जीबी. २०४८ अधिक १६७८ करून बघा, तेवढेच येतील. (मराठी आकड्यांत मीही अडखळते, एकोणऐंशी म्हटलं की मनात आधी इंग्रजी करून घ्यावं लागतं, पण इथे दोन भाषा नाहीत, दोन माप आहेत.) शिवाय एक्स्ट४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, म्हणजे चार टीबीत जवळपास २०० जीबी. ज्या डिस्कवर सिस्टिम नाही तिथे एवढ्या राखीव जागेची गरज नसते, ट्यूनटूएफएस कमांडने ती कमी करता येते. केली.

मग खरी परीक्षा. पन्नास जीबीचा व्हिडिओंचा गठ्ठा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर पुन्हा पुन्हा कॉपी करत राहायचा, ती भरेपर्यंत, आणि मग प्रत्येक प्रतीचा चेकसम मूळ गठ्ठ्याशी ताडून बघायचा. नंबर कुठे स्कूटरच्या मीटरसारखा फिरत असेल तर सुरुवातीच्या प्रती बिघडलेल्या सापडणारच. शुक्रवार रात्री लावलं, सोमवारी सकाळी सगळे चेकसम जुळले. रविवारी दुपारी लाइट गेली असती तर काय, हे टेन्शन होतंच, पण नाही गेली.

एक इशारा हॉस्टेलमधल्या एक्स्टर्नल डिस्कवाल्यांसाठी. मोठ्या डिस्कच्या काही यूएसबी केसेस सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइट्सचा आहे असं कॉम्प्युटरला सांगतात. म्हणून जुन्या एमबीआरमध्येसुद्धा ती डिस्क पूर्ण दिसते. पण तीच डिस्क केसमधून काढून सरळ मदरबोर्डला लावली तर आकडे जुळत नाहीत आणि "फॉर्मॅट करायचं का?" असा प्रश्न येतो. "हो" दाबू नका. परत केसमध्ये घाला. तसंच तीन टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसत असेल तर डिस्क खराब म्हणून परत करायच्या आधी जुना स्टोरेज ड्रायव्हर बदलून बघा. तीन टीबीतून ३२ बिट्सचं माप वजा केलं की बरोब्बर ७४६ उरतात. मीटर फिरलाय, एवढंच.

आता स्टाफकडे वळते, आणि हे मी आदराने पण स्पष्टच लिहिते. आपल्या राइट-ऑफच्या यादीत कारणाचा रकाना आहे आणि त्यात ओळीने "ऑब्सोलीट" असं लिहिलंय. माझी मागणी अशी की त्या जागी नेमकी भिंत लिहा. बायोसची? ऑपरेटिंग सिस्टिमची? पार्टिशनच्या तक्त्याची? ड्रायव्हरची? की पॉवर सप्लायच गेलाय? हे शोधायला लॅबच्या काकांना वेळ नसेल, मान्य. एका काकांकडे तीन लॅब आणि वर प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या! मग ते काम आम्हाला द्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आम्ही "एमबीआरची रचना लिहा" हा प्रश्न पाठ करून मार्क मिळवतो. माझ्या वर्गातल्या किती जणांनी तो एक सेक्टर प्रत्यक्ष उघडून बघितलाय, हे व्हायव्हात विचारा एकदा. ५१२ बाइट्स तर आहेत. त्यातले शेवटचे दोन ५५ आणि एए असतात, हे डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

एका सरांनी माझ्याशी बोलताना दोन हरकती घेतल्या. पहिली, जबाबदारी कोणाची? डेड स्टॉक रजिस्टरवर सही त्यांची असते, मुलांनी काही जाळलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. ही हरकत खरी आहे आणि तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. म्हणूनच मी चालू लॅबमधली मशीन मागत नाही, जी यादीत आधीच गेलीत तीच मागते. जे भंगारात जाणारच आहे ते आमच्या हातून बिघडलं तर तोटा किती होणार? दुसरी हरकत, जुनं मशीन वीज जास्त खातं, जुन्या डिस्क कधीही मरतात. हेही खरंच. स्टोअररूममधल्या आयडीई केबलवाल्या पेंटियम ४ मशीनसाठी मी भांडणार नाही. त्यांना पीसीआय कार्ड लावून साटा डिस्क जोडता येते, पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत आणि विजेच्या मानाने काम काहीच नाही. जाऊ देत. पण कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, आजचं लिनक्स त्यावर चालतं, आणि फाइल सर्व्हरला त्याहून जास्त लागतं तरी काय? डिस्क मरायच्या भीतीला उत्तर दुसरी प्रत ठेवणं हे आहे, आणि ती भीती नव्या मशीनवरही तेवढीच असते.

आणि भंगाराचं म्हणाल तर सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, रीसायकलरच्या जोडीला रिफर्बिशरही आहे. म्हणजे दुरुस्त करून वापरात आणणं हा नियमातलाच मार्ग आहे, आम्हा मुलांची कंजुषी नव्हे.

पुढची भिंत कधी येईल? ४८ बिट्सचा एलबीए १४४ पेटाबाइटला संपतो. ती भिंत आमच्या नातवंडांच्या हॉस्टेलमध्ये येईल, आणि तेव्हाही कोणीतरी म्हणेलच, "मशीन जुनं झालंय."

सध्या एवढंच मागणं: राइट-ऑफच्या यादीत त्याच बॅचची आणखी अकरा मशीन आहेत आणि ती उचलायला माणूस सेमिस्टर संपल्यावर येणार आहे. एचओडी सरांनी तोंडी "बघू" म्हटलंय. बॉईज हॉस्टेललाही एक सर्व्हर होऊ शकतो, मेकॅनिकलवाल्यांना कॅडच्या फाइल्स ठेवायला एक. सरांच्या "बघू"चं "हो" झालं तर शनिवारी मेसच्या चहानंतर जुन्या लॅबमध्ये जमू. ब्रँचची अट नाही. आमच्याकडे दोनच स्क्रूड्रायव्हर आहेत, आपापला आणा.